न जुळणारे हाड आणि अर्ध्यावर थांबणारी मदत

अपघाताची बातमी मोहल्ल्यात पोहोचली की माणसे धावतात. पोरे रक्त द्यायला रांग लावतात, कुणी रुग्णवाहिकेचे भाडे देतो, जमातीच्या फंडातून किंवा जकातीच्या पैशातून ऑपरेशनची रक्कम उभी राहते. मालेगाव असो, भिवंडी असो की सोलापूर, या धावपळीत आपला समाज कमी पडत नाही. कमी पडतो तो नंतर. पायात रॉड टाकून माणूस घरी येतो. भेटायला येणारे फळे आणतात, दुआ देतात आणि आपापल्या कामाला लागतात. सात-आठ महिन्यांनी तोच माणूस कुबडी शेजारी टेकवून गल्लीच्या तोंडाशी बसलेला दिसतो. विचारले तर म्हणतो, “हड्डी अभी जुडी नहीं.” ऐकणारा म्हणतो, “सब्र करो, अल्लाह शिफा देगा.”

दुआ आणि सब्र यांना त्यांची जागा आहेच. पण “हड्डी जुडी नहीं” हे वाक्य ऐकून सोडून देण्यासारखे नाही. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला नाव आहे, ‘नॉन-युनियन’. तिची कारणे आहेत, ती शोधण्याच्या तपासण्या आहेत आणि बहुतेक रुग्णांसाठी उपायही आहेत. मोडलेल्या हाडांपैकी साधारण पाच ते दहा टक्के हाडे वेळेत जुळत नाहीत किंवा जुळतच नाहीत, असा आकडा अस्थिरोगाच्या लेखनात वर्षानुवर्षे दिला जातो. नडगीच्या हाडात हे प्रमाण जास्त, कातडी फाटून हाड बाहेर आले असेल तर आणखी जास्त. आपल्याकडे मोटारसायकलच्या अपघातात नेमकी नडगीच मोडते. त्यामुळे हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

माझे म्हणणे साधे आहे. न जुळणारे हाड नशिबाच्या खात्यावर टाकण्याआधी त्याचे निदान झाले पाहिजे. आणि हे निदान व्हायचे असेल, तर आपल्या मदतीची मुदत दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या दिवशी संपता कामा नये.

हाड जुळते कसे

कातडी कापली तर व्रण राहतो. हाड मात्र व्रणाने जुळत नाही, तिथे पुन्हा खरे हाड तयार होते. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते. त्यात पेशी येतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ, रबरासारखा सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम बसून तो घट्ट होतो. पुढे कित्येक महिने शरीर त्या जागेला घासून-पुसून मूळ आकार देत राहते. मनगटाचे हाड सहा आठवड्यांच्या आसपास जुळते. मोठ्या माणसाच्या नडगीला चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

या कामाला काही गोष्टी लागतात : जिवंत पेशी, त्या पेशींना धरून ठेवणारा आधार, वाढीचा इशारा देणारी द्रव्ये आणि मोडलेल्या टोकांची पुरेशी स्थिरता. शल्यचिकित्सकांनी २००७ साली या चार गोष्टींची सांगड घालून ‘डायमंड’ नावाची कल्पना मांडली. चौकटीचा एक कोन जरी तुटला, तरी बांधकाम अडते. या सगळ्याखाली अर्थातच रक्तपुरवठा हवा. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली मांस जवळजवळ नसतेच. म्हणून तिथले हाड मोडले की रक्ताची अडचण लवकर जाणवते.

आता एक गैरसमज. रॉड किंवा प्लेट टाकली म्हणजे हाड जुळले, असे बहुतेकांना वाटते. रॉड हाड जोडत नाही. तो फक्त टोके जागेवर धरून ठेवतो, जुळण्याचे काम हाडालाच करायचे असते. दुखणे कमी झाले म्हणजे काम झाले, असेही नाही, कारण भार रॉडने उचललेला असतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच धातूचेही होते. हाड जुळले नाही आणि माणूस चालत राहिला, तर काही महिन्यांनी रॉड वाकतो किंवा स्क्रू तुटतात. मग घरात चर्चा होते, “माल हलका होता.” कधी तसे असेलही. पण बहुतेक वेळा तुटलेला रॉड आधीच न जुळलेल्या हाडाची खबर देत असतो.

म्हणूनच ऑपरेशननंतरचे एक्स-रे चुकवायचे नसतात. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले की हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी तीन कडांवर नवे हाड पूल बांधताना दिसले, तर हाड जुळले असे डॉक्टर सहसा मानतात. शंका असेल तर सीटी स्कॅन करतात, कारण धातूच्या आड लपलेली फट साध्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाची एक व्याख्या सगळीकडे वापरली जाते : अपघाताला नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच प्रगती नाही, तर नॉन-युनियन समजावे. याचा अर्थ नऊ महिने हातावर हात ठेवून बसावे असा नाही. हाडाचा मोठा तुकडा निघून गेला असेल, जखमेतून पू येत असेल किंवा रॉड तुटला असेल, तर वाट पाहण्यात काही हशील नसते.

कारण शोधले पाहिजे

न जुळणारी सगळी हाडे एकसारखी नसतात. काही एक्स-रेत मोडलेल्या टोकांभोवती भरपूर नवे हाड दिसते, टोके हत्तीच्या पायासारखी रुंद झालेली असतात, तरी मधली फट तशीच असते. इथे हाडात जीव आहे, रक्त आहे, पण सांधा हलतो आहे. त्याला स्थिरता दिली की ते बहुधा जुळते. दुसऱ्या प्रकारात टोके निमुळती, पेन्सिलीसारखी झालेली असतात, नवे हाड जवळजवळ नसते. तिथे नुसती नवी प्लेट टाकून भागत नाही, मेलेले टोक कापून ताजे हाड भरावे लागते. दोन्ही रुग्ण बाहेरून एकच वाक्य बोलतात, “जुडी नहीं.” उपचार मात्र वेगळे आहेत. त्यामुळे शेजारच्या अमक्याला जे लागू पडले ते आपल्यालाही लागू पडेल, हा हिशेब इथे चालत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत त्रासदायक, जंतुसंसर्गाची. आधी ऑपरेशन झालेले हाड जुळत नसेल, तर तिथे जंतू नाहीत हे सिद्ध होईपर्यंत ते आहेत असे समजून चालावे, असा अस्थिरोगतज्ज्ञांचा दंडक आहे. दरवेळी पू दिसतोच असे नाही. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या मदत करतात, पण त्या नॉर्मल आल्या म्हणून जंतू नाहीत असे खात्रीने म्हणता येत नाही. ऑपरेशनच्या वेळी आतल्या निरनिराळ्या जागांचे चार-पाच नमुने घेऊन कल्चर करावे लागते. त्याआधी शक्य असल्यास सुमारे दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, नाहीतर जंतू असूनही तपासणीत सापडत नाहीत. आपल्याकडे मात्र जखम ओली दिसली की औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात. त्याने जंतू मरत नाहीत, फक्त लपतात.

चौथी बाजू संपूर्ण शरीराची. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वरवर कारण न सापडणाऱ्या ३७ नॉन-युनियन रुग्णांना अंतःस्राव तज्ज्ञांकडे पाठवले गेले. त्यांपैकी ३१ जणांत आधी माहीत नसलेला काहीतरी बिघाड सापडला, आणि त्यात सर्वांत जास्त होती ड जीवनसत्त्वाची कमतरता. हे रुग्ण निवडून पाठवलेले होते, म्हणून हा आकडा सगळ्यांना लावता येणार नाही. पण त्यातला धडा घेता येतो. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि साखर यांची रक्ततपासणी दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चापुढे काहीच नाही.

ड जीवनसत्त्वाचा विषय निघाला की काहीजण लगेच बुरख्याकडे बोट दाखवतात. अंगाला ऊन लागले नाही तर हे जीवनसत्त्व कमी पडते, हे खरेच. पण भारतात ही कमतरता सर्व समाजांतल्या स्त्री-पुरुषांत आढळते. दिवसभर लूमच्या शेडमध्ये उभा राहणारा कामगार, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा मालक, अंधाऱ्या खोलीत शिवणकाम करणारी बाई, यांना ऊन मिळणार कुठून? वाद घालण्यापेक्षा रक्त तपासावे आणि डॉक्टर सांगतील तेवढे औषध घ्यावे. आपल्या मनाने इंजेक्शनांचा भडिमार नको, कारण त्याचाही अतिरेक अपायकारक असतो.

आणि तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात आणि न जुळण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. बिडी-सिगारेटबद्दल निदान बोलले तरी जाते. गुटखा आणि मिश्री यांबद्दल रुग्णाला कुणी विचारत नाही, आणि रुग्ण आपणहून सांगत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण ती किती पाळली जाते हे नाक्यावरच्या टपरीवर कळते. ज्याच्या ऑपरेशनसाठी मोहल्ल्याने वर्गणी काढली, त्याच्याच बिछान्यावर भेटायला आलेला मित्र पुडी ठेवून जातो. हे प्रेम नव्हे.

ब्रुमेलचा पाय

न जुळणाऱ्या हाडाची सर्वांत गाजलेली कथा सोव्हिएत रशियातली आहे. व्हॅलेरी ब्रुमेल हा उंच उडीतला जगज्जेता. १९६३ साली त्याने २.२८ मीटरचा विश्वविक्रम केला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी मोटारसायकलवर मागे बसलेला असताना अपघात झाला आणि उजव्या नडगीचा चुराडा झाला. देशातले मोठमोठे डॉक्टर दिमतीला होते. ऑपरेशनांमागून ऑपरेशने झाली, तरी हाड जुळेना, जंतुसंसर्ग हटेना, पाय आखूड झाला.

शेवटी १९६८ साली तो सैबेरियातल्या कुर्गान शहरी गेला. तिथे गाव्ह्रील इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर १९५० च्या दशकापासून एक वेगळेच यंत्र वापरत होते. पायाभोवती धातूच्या कड्या, हाडातून आरपार गेलेल्या बारीक ताणलेल्या तारा आणि कड्यांना जोडणारे स्क्रू. आपल्याकडे लोक याला सरळ ‘रिंग’ म्हणतात. हाड मुद्दाम कापून त्याची टोके अतिशय हळूहळू, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, दूर नेली तर मधल्या जागेत नवे हाड उगवते, हे इलिझारोव्ह यांनी दाखवून दिले. ब्रुमेलचा पाय जुळला, त्याची लांबी परत मिळाली आणि तो पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. पश्चिमेला ही पद्धत १९८० नंतर, इटलीमार्गे कळली. भारतात ती रुजवण्यात आपल्या मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे.

ही कथा सांगण्याचे कारण चमत्कार नाही. ब्रुमेलचा पाय वाचला, कारण तीन वर्षे उलटल्यावरही त्याला पुढच्या डॉक्टरकडे जाता आले. आपल्या रिक्षाचालकाला किंवा हमालाला ते जमत नाही. हाडातली पाच सेंटीमीटरची फट भरायची तर एक मिलिमीटरच्या हिशेबाने पन्नास दिवस लागतात, आणि नवे हाड पक्के होईपर्यंत रिंग आणखी कितीतरी महिने पायात राहते. रोज स्क्रू फिरवायचा, तारांच्या जागा स्वच्छ ठेवायच्या, सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम करायचा. घरात कमावणारा तो एकटाच असेल, तर तिसऱ्या महिन्यात तो विचारतो, “निकाल दो इसको.” धीर संपण्याआधी बहुधा रेशन संपलेले असते.

प्रत्येकाला रिंग लागते असेही नाही. कुणाला जुना रॉड काढून जाड रॉड टाकला की पुरते. कुणाला दाब देणारी प्लेट लावून कमरेच्या हाडाचा चुरा फटीत भरावा लागतो. फ्रान्सचे डॉ. मास्केले यांच्या पद्धतीत रिकाम्या जागी आधी सिमेंटचा गोळा ठेवतात. त्याभोवती सहा-आठ आठवड्यांत रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा तयार झाला की गोळा काढून तिथे हाड भरतात. कोणते कोणासाठी, हे निदान ठरवते.

जोडणाऱ्यांची परंपरा

इथे हाडवैद्यांचा विषय टाळता येत नाही. स्वस्त, जवळचा, ओळखीचा आणि कापाकापी न करणारा, म्हणून माणसे त्याच्याकडे जातात. त्या भीतीची आणि गरिबीची चेष्टा मी करणार नाही. पण एक्स-रेविना ओढून बसवलेले हाड आणि करकचून बांधलेली पट्टी यांनी रक्तप्रवाह थांबून हात किंवा पाय गमावल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत. न जुळणाऱ्या हाडावर तेल चोळून काही साधत नाही, फक्त महिने जातात.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो वेगळे सांगतो. अरबीत ‘जबर’ म्हणजे तुटलेले पूर्ववत करणे. त्याच धातूपासून अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातला ‘अल-जबर’ आला आणि पुढे ‘अल्जिब्रा’ झाला. हाडे बसवणाऱ्याला ‘मुजब्बिर’ म्हणत, आणि स्पॅनिश भाषेत ‘अल्हेब्रिस्ता’ हा शब्द कित्येक शतके हाडे जोडणाऱ्यासाठी वापरात होता. दहाव्या-अकराव्या शतकात कुर्तुब्याच्या अल-जहरावी यांनी तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या, शस्त्रक्रियेच्या भागात अस्थिभंगावर स्वतंत्र विवेचन आणि उपकरणांची चित्रे आहेत. म्हणजे ही परंपरा पाहण्याची, नोंदवण्याची आणि नवी हत्यारे वापरण्याची होती. आज तिचा वारस एक्स-रे पाहणारा डॉक्टर आहे.

फिक्हमध्येही मोडलेल्या अवयवावरच्या पट्टीला ‘जबीरा’ म्हणतात आणि वजू करताना ती न सोडता तिच्यावर ओला हात फिरवण्याची मुभा आहे. वजूसाठी प्लास्टर भिजवणारे किंवा पट्टी सोडणारे रुग्ण असतील, तर घरच्यांनी आणि इमाम साहेबांनी त्यांना हे आवर्जून सांगावे.

मदतीची मुदत

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या फंडांची रचना अपघाताच्या दिवसासाठी आहे. बिल समोर येते, रक्कम ठरते, पावती फाटते. सहाव्या महिन्यातल्या सीटी स्कॅनचे, कल्चरचे, तालुक्याहून शहरात जाण्याच्या गाडीभाड्याचे, बंद पडलेल्या रोजंदारीचे बिल कुणी टेबलावर ठेवत नाही. पुन्हा हात पसरायची लाज वाटते म्हणून रुग्ण गप्प राहतो. मग अडीच-तीन लाख उभे करून केलेले ऑपरेशन काही हजारांच्या पाठपुराव्याअभावी वाया जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. फंडात पैसे मोजके असतात. नवा अपघातग्रस्त दारात उभा असताना जुन्यासाठी पैसे राखून कसे ठेवायचे? माझे उत्तर असे की न जुळलेले हाड घेऊन बसलेला माणूस उद्या पुन्हा त्याच दारात येणारच आहे. तेव्हा ऑपरेशन मोठे असेल, खर्च जास्त असेल आणि घरातली मुलगी किंवा मुलगा शाळा सोडून कामाला लागलेला असेल. थोडे आधी दिले तर बरेच वाचते.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. ज्याला मदत केली त्याचे नाव एका वहीत लिहावे आणि सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, नऊ महिने अशा तारखा पुढे टाकाव्यात. तारीख आली की कुणीतरी फोन करावा, एक्स-रे झाला का विचारावे. मदतीची सगळी रक्कम एकदम न देता काही भाग या तारखांना रुग्णाच्या हातात द्यावा. गरजू माणूस त्यातून भाडे भरेल, दूध-अंडी आणेल, तपासणी करेल. जकातीच्या पैशाचा प्रश्न असेल तर उलेमांना विचारून घ्यावे. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने रुग्णाची फाईल नीट लावून द्यावी : पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद. नवा डॉक्टर आधी तेच मागतो, आणि ते सापडत नाही म्हणून तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्याच्या आरोग्यमित्राकडे जाऊन विचारावे. हे काम पैशाचे नाही, वेळेचे आहे.

रुग्णाने आणि घरच्यांनीही डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. हाड जुळते आहे का? नसेल तर कारण स्थिरतेचे आहे, रक्तपुरवठ्याचे की जंतूंचे? साखर आणि ड जीवनसत्त्व तपासले का? ही दुखण्याची गोळी किती दिवस घ्यायची? कारण काही वेदनाशामके दीर्घकाळ घेतली तर हाड जुळण्यात अडथळा येऊ शकतो, असे काही अभ्यास सुचवतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले तर पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर स्वतःहून चिठ्ठी देतात.

पुढच्या जुम्म्याला फंडाची माणसे हिशेबाला बसतील, तेव्हा गेल्या वर्षी ज्यांच्या ऑपरेशनला पैसे दिले त्यांची यादी एकदा काढावी. त्यातले किती आज आपल्या पायाने चालतात, एवढेच विचारून पाहावे. ज्यांचे उत्तर “अभी जुडी नहीं” असे येईल, त्यांच्यापासून या वर्षीचे काम सुरू करावे.